तोंडी परमिट

बोधीने फ्रिजकडे नुसतं बोट दाखवलं आणि घरातली तीन माणसं एकदम उठली.

"दूध पायजे तिले," देवाजी म्हणाले.

"दूध आत्ताच पेली ना ती. दही पायजे असन," मीराबाई म्हणाल्या.

"काल मी आइसक्रीम आणलं, ते पाह्यलं असन तिनं," प्रशिक म्हणाला.

तिघांत थोडी वादावादी झाली आणि मग तिन्ही वस्तू बोधीसमोर मांडण्यात आल्या. बोधीने सावकाश पाहणी केली, आइसक्रीमला हात लावला आणि "उं" म्हणाली. "पाहा, मी म्हणलंच होतं," असं म्हणत प्रशिक चमचा शोधायला गेला. त्याचे आई-वडील दूध आणि दही उचलून परत फ्रिजकडे वळले.

संबोधी हे नाव आजोबांनी, म्हणजे देवाजींनी, मोठ्या हौसेने ठेवलं होतं. तिसरं वर्ष सरत आलं तरी नातीने ते नाव किंवा दुसरा कुठलाही शब्द उच्चारला नव्हता. ऐकू स्वच्छ येत होतं, ती तपासणी करून झाली होती. दुसऱ्या खोलीत बिस्किटाचा पुडा फुटला तरी ती धावत यायची. सांगितलेलं सगळं तिला कळायचं. 'उं' हा एक आवाज आणि उजव्या हाताचं एक बोट, एवढ्यावर तिचा कारभार चालला होता, आणि खरं सांगायचं तर झकास चालला होता.

देवाजी कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी यंत्रांच्या घरघरीत गेल्यामुळे त्यांचा साधा आवाजसुद्धा मागच्या गल्लीत ऐकू जाई, आणि ते जागे असताना तो सहसा बंद नसे. कोराडी रोडवरच्या एका ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, त्यांनी घर बांधलं होतं. मुलगा प्रशिक कळमेश्वरच्या एका कारखान्यात होता. सून मेघा शहरात फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी करायची.

जीव टांगणीला लागला होता तो मेघाचा. दिवसभर ती अनोळखी माणसांशी गोड बोलायची. ते तिच्यावर ओरडायचे आणि ती "आपला दिवस शुभ असो" म्हणायची. संध्याकाळी घरी आली की बोधी मांडीत येऊन बसायची आणि आईच्या तोंडाकडे बघत राहायची. गल्लीतली बोधीहून लहान पोरं "आई, आई" करून आपापल्या आयांना हैराण करत होती. मेघाला तो शब्द एकदा ऐकायचा होता. ती हे कुणापाशी बोलत नसे, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

उपाय सांगणाऱ्यांची काही टंचाई नव्हती. शेजारचे ओमप्रकाश म्हणाले, "अरे देवाजी भाऊ, हमारा भतीजा चार साल तक चुप था। अब वकील है, चुप ही नहीं होता।" कुणीतरी सांगितलं की पोपटाने उष्टावलेला पेरू द्या, तर मीराबाईंनी तसा पेरू मिळवलासुद्धा. बोधीने तो आवडीने खाल्ला आणि आणखी हवा म्हणून बोट दाखवलं.

"आता बस झालं. डॉक्टरले दाखवाचं," मेघा म्हणाली, आणि सगळं घर बसमध्ये बसून सक्करदऱ्याला निघालं.

कोराडी रोड ते सक्करदरा म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. वाटेत देवाजींनी बोधीला खिडकीबाहेरचं नागपूर समजावून सांगितलं, त्यामुळे बसमधल्या सगळ्यांनाच ते समजलं. तिथल्या तलावाच्या मागच्या रस्त्याला कामिनी मॅडमचा दवाखाना होता. लहान मुलांच्या बोलण्यावर त्या उपचार करत. दवाखान्यात खुर्च्या होत्या, तरी मॅडम सतरंजीवर बोधीसमोर मांडी घालून बसल्या.

"बाळा, तुझं नाव काय?"

"संबोधी," देवाजी म्हणाले. "घरी बोधी म्हणतो."

"काका, मी तिला विचारलं."

"हाव, तिच्याच तर्फे सांगून राहिलो मी."

मॅडमनी पिशवीतून चेंडू काढला. "आणि हे काय आहे गं?"

"बॉल," देवाजी म्हणाले.

"लाल आहे," मीराबाईंनी भर घातली.

"तिच्याजवळ असाच आहे एक, पण निळा," प्रशिक म्हणाला.

बोधी चेंडूकडे बघत होती आणि तिला काहीही करायची गरज नव्हती. मॅडमनी मेघाला थांबवून बाकी तिघांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"गाय कशी ओरडते बोधी?"

"हम्माऽऽ," असा दाराबाहेरून भरदार आवाज आला. प्रतीक्षेत बसलेलं एक बाळ दचकून रडायला लागलं.

तपासणी बराच वेळ चालली. बाहुली खुर्चीखाली ठेव म्हटलं की बोधी ठेवायची, मोठा चमचा दे म्हटलं की मोठाच द्यायची. शेवटी मॅडमनी सगळ्यांना आत बोलावलं.

"तिला समजतं छान. शब्द येत नाहीत. काही मुलं नुसती उशिरा बोलतात, काहींची अडचण जास्त खोल असते. आज मी नक्की सांगू शकत नाही. महिनाभराने परत या. तोपर्यंत घरी एक करायचं. तुमच्या घरात तिला बोलायला जागाच नाही. बोट उठलं की वस्तू येते. मग ती कशाला बोलेल? तिला हवी ती वस्तू दिसेल, पण हाताला येणार नाही अशी ठेवा आणि थांबा. तिच्या वतीने कुणी बोलायचं नाही. ती काही म्हणाली, अर्धामुर्धा शब्द म्हणाली, तरी जे मागितलं ते लगेच द्या. बोललं की काम होतं, हे तिला कळू दे."

"समजलं! परमिटसारखं!" देवाजी एकदम म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. "चला, जय भीम मॅडम!" आणि ते बाहेर जाऊन चपला घालायला लागलेसुद्धा. त्यामुळे "पण हा सगळा खेळ वाटला पाहिजे हं, दिवसातून थोडा वेळ, पोरीला रडवायचं नाही" हे मॅडमचं पुढचं बोलणं त्यांच्या कानावर पडलंच नाही, आणि ज्यांच्या पडलं त्यांचं देवाजींपुढे काही चालत नसे.

मेघा दारात रेंगाळली. "मॅडम, ती आई म्हणेल ना?"

"हो म्हणून तुम्हाला खूश करता येईल मला," कामिनी मॅडम म्हणाल्या. "पण ते आज खरं नाही. आपण काम करू. बघू."

घरी येताच देवाजींनी जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीतून नोकरीतली जुनी पेटी बाहेर काढली. पेटीत लाल टॅगांचा गठ्ठा होता. प्रत्येकावर लिहिलं होतं, 'हात लावू नका. माणूस कामावर आहे.' वर अडकवायला सुतळीचा फास.

ज्यांनी वीज केंद्र आतून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. कुणी माणूस यंत्राच्या आत कामाला उतरला की त्या यंत्राच्या बटणावर असा टॅग लागतो. ज्याने लावला त्याच्या तोंडून 'काढा' आल्याशिवाय, म्हणजे त्याचं परमिट मिळाल्याशिवाय, तो निघत नाही. कारण तो काढून कुणी बटण दाबलं, तर आतला माणूस जातो. देवाजींचा टॅग उभ्या नोकरीत कुणी काढला नव्हता आणि त्यांनीही दुसऱ्याच्या टॅगला कधी बोट लावलं नव्हतं. या गोष्टीचा त्यांना पगारापेक्षा जास्त अभिमान होता.

संध्याकाळपर्यंत घर लाल झालं. बिस्किटाच्या डब्याला टॅग, फ्रिजला टॅग, टीव्हीच्या रिमोटला टॅग, कपाटावरच्या निळ्या चेंडूला टॅग.

"आजपासून बोधीच्या तोंडचा शब्द म्हणजे परमिट," देवाजींनी जाहीर केलं. "ती बोलन तवाच टॅग निघन. चिफ इंजिनिअर आला तरी निघणार नाही."

"अन् साखरेच्या डब्यालेही काहून लावला वं बाई?" मीराबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "मले चहा कराचा आहे."

"तिले साखर आवडते. ती मागन तवा तुले भेटन."

"म्हणजे मी फिका चहा पेऊ?"

"शिस्त म्हणजे शिस्त. एका टॅगले सूट देली का सगळे टॅग गेले."

मीराबाईंनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी फिका चहा केला, तो प्यायल्या आणि गप्प बसल्या. देवाजींनी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावायला हवा होता, पण ते दिवाणखान्यात सोफ्याच्या गाद्या मोजून टॅग पुरतात का ते बघत होते.

रात्रीच्या जेवणाआधी प्रशिक घरी आला तो क्रिकेटची मॅच बघायच्या घाईत. रिमोटवर टॅग. त्याने बोधीला मांडीवर घेतलं, काळ्या टीव्हीसमोर बसला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. शेजारच्या घरातून ओमप्रकाश "आउट!" म्हणून ओरडले. कोण आउट झालं ते प्रशिकला दुसऱ्या दिवशी कारखान्यात कळलं.

बोधीचं मात्र काही अडलं नाही. पहिले दोन दिवस तिने डब्यांखाली उभं राहून वाट बघितली, मग ती कुंपणाच्या फटीतून ओमप्रकाशकडे जायला लागली. तिथे बोट दाखवलं की जिलेबी मिळायची. देवाजींना हे कळलं तेव्हा त्यांनी ओमप्रकाशच्या फाटकाला टॅग लावला.

"देवाजी भाऊ, ये मेरा गेट है।"

"तुमचंच आहे. पण माणूस कामावर आहे."

"कौनसा माणूस?"

"बोधी! ती बोलाचं शिकून राहिली. तुमी तिले जिलेबी देऊन तिचा बिघाड करून राहिले."

ओमप्रकाश भला माणूस. पोरीवर त्यांचा जीव होता. तेव्हापासून जिलेबी बंद झाली आणि ते स्वतःच्या घरात फटीतून आत जायला लागले. भाजीवाल्या अंजनाबाईंनाही सूचना गेली. त्या दारात गाजर उंच धरून उभ्या राहायच्या, देवाजी बाजूला, ओमप्रकाश कुंपणापलीकडे, आणि सगळे बोधीच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. मोठी माणसं अशी आपल्यासमोर ताटकळत उभी राहतात, हे बोधीला फार आवडलं. ती मजेत सगळ्यांना उभं ठेवायची आणि कंटाळा आला की आत निघून जायची.

अशात तिला एक मोठाच शोध लागला. एके सकाळी फ्रिजवरचा एक टॅग सुटून खाली पडला होता. तिने तो उचलला आणि बघू या तरी म्हणून आजोबांच्या उजव्या चपलेत अडकवला. देवाजी फिरायला निघाले, चपलेत पाय घालणार तोच त्यांना टॅग दिसला आणि पाय वरच्या वर थांबला.

"हा कोणं लावला?"

"बोधीनं," मीराबाई म्हणाल्या.

"मंग आता?"

"मंग काय? टॅग आहे."

देवाजींनी विचार केला, पण नियमात वयाची अट कुठे नव्हती. ते त्या दिवशी मीराबाईंच्या चपला घालून फिरायला गेले.

बोधीने हा प्रकार नीट पाहिला होता. लाल पुठ्ठा अडकवला की मोठी माणसं थांबतात! तिने दुसऱ्या दिवशी आजीच्या चष्म्याला टॅग घातला. मीराबाई चाचपडत पोळ्या करत होत्या आणि पोळ्यांचे आकार पाहून प्रशिकने डबा न्यायचं टाळलं. पण बाहेर येऊन बघतो तर त्याच्या मोटारसायकलच्या हँडलला टॅग.

"बाबा, मले ड्युटीले उशीर होऊन राहिला!"

"बसनं जाय गा."

"बाबा, ती लहान पोट्टी आहे! तिले काय समजते टॅगचं?"

"तुले समजत नाही, तिले समजते. पाह्य कशी बरोबर हँडललेच लावला."

प्रशिक धावत बस पकडायला गेला. आता बोधीला बोटसुद्धा दाखवावं लागत नव्हतं. आंघोळ नको असली तर बादलीला टॅग, झोपायचं नसलं तर उशीला टॅग, भाजी आवडली नाही तर पातेल्याला टॅग. घरातली चार शहाणी माणसं तिच्या हुकमाखाली होती आणि तिने 'उं' म्हणणंही जवळजवळ बंद केलं होतं.

शनिवारी संध्याकाळी मेघा कामावरून आली. सोमवारी सक्करदऱ्याला जायचं होतं. बोधी येऊन नेहमीसारखी मांडीत बसली, आईच्या तोंडाकडे बघितलं आणि हातातला टॅग मेघाच्या कानातल्या डुलात अडकवून टाकला. मेघा आजवर सासऱ्यांपुढे कधी आवाज चढवून बोलली नव्हती. मामाजी म्हणायची त्यांना, आणि मान द्यायची. त्या दिवशी मात्र तिला रडूच आलं.

"मामाजी, तिले आता बोलाची गरजच नाही राहिली! तिच्या जागी टॅगच बोलून राहिले. परवा मॅडमले काय सांगू मी? आधी 'उं' तरी म्हणे, आता तेही गेलं."

देवाजींनी घरभर लटकलेल्या टॅगांकडे पाहिलं. इतके दिवस त्यांनी जे केलं ते नातीसाठीच केलं होतं, आणि तेच उलटं झालं हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. त्यांना फार वाईट वाटलं.

"उद्या सकाळी सगळे टॅग काढतो," ते म्हणाले, आणि तेही इतक्या हळू की मागच्या गल्लीत ऐकू गेलं नसेल.

रविवारी मेघाची दुपारपर्यंतची ड्युटी होती आणि प्रशिकला कारखान्यात बोलावलं होतं. देवाजींनी घरभर फिरून टॅग गोळा केले आणि पेटी घेऊन ते जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत गेले. खोली बुटकी, तिचं दार बुटकं आणि दाराची कडीही खालीच. उन्हाळ्यातले कूलर तिथे ठेवलेले होते. त्यांच्यामागे पेटी सरकवायला देवाजी वाकले, तेवढ्यात दार लागलं. मग कडी लागल्याचा आवाज आला.

"कोण आहे? बोधी?"

बोधीच होती. तिच्याकडे शेवटचा एक टॅग उरला होता. तिने तो कडीत अडकवला आणि टाळ्या वाजवल्या.

"मीरा! अवं मीरा! कडी काढ!"

मीराबाई हात पुसत आल्या. दाराकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं, टॅगकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरत गेलं.

"टॅग आहे," त्या म्हणाल्या.

"काढ तो!"

"मी कशी काढू? ज्यानं लावला त्याच्या तोंडून आल्याबिगर टॅग निघत नाही. चिफ इंजिनिअर आला तरी."

"मीरा, हे मजाक आहे का?"

"महिनाभर फिका चहा पेली मी. तो मजाक होता का?"

त्यांनी स्वयंपाकघरातून पाट आणला, मेथीची जुडी आणली आणि दारासमोर निवांत भाजी निवडत बसल्या. मग आठवण होऊन उठल्या, आता टॅग नसलेल्या डब्यातून साखर घेऊन गोड चहा केला आणि कप घेऊन पुन्हा येऊन बसल्या.

देवाजींनी आतून बोधीला हाका मारायला सुरुवात केली. "बोधी, म्हण बेटा, उघड! उ-घ-ड! सोपं आहे!"

"तिच्या वतीनं बोलाचं नाही. मॅडमनं सांगतलं," मीराबाईंनी बाहेरून बजावलं.

देवाजींनी आधी हुकूम सोडला, मग समजावलं, मग कोराडीतले आपले पराक्रम सांगितले, मग कूलरवर हात आपटला. तो आवाज ऐकून ओमप्रकाश कुंपणाच्या फटीतून आले. "क्या हुआ भाभी?" मीराबाईंनी कडीकडे बोट केलं. ओमप्रकाशनी टॅग पाहिला आणि स्वतःच्या फाटकाची आठवण येऊन तेही पायरीवर बसले. अंजनाबाई टोपली उतरवून त्यांच्या शेजारी बसल्या आणि मेथी निवडायला हात लावला. मेघा दुपारी घरी आली तेव्हा जिन्यासमोर हा मेळावा जमलेला आणि आतून भाषण चालू.

"अरे बापा! आत्याबाई, काढा ना त्याइले बाहेर!" ती सासूला म्हणाली, पुढे झाली आणि कडीला हात घालणार तोच तिला बोधी दिसली.

बोधी दाराला कान लावून उभी होती. आतलं बोलणं ऐकत होती आणि हसत होती. जन्मल्यापासून हा आवाज तिच्या कानात होता. तो चालू असताना तिला कसलीही काळजी नव्हती. मेघा हात तसाच ठेवून तिच्याकडे बघत राहिली.

"मामाजी," ती दाराजवळ तोंड नेऊन म्हणाली, "तुमी आता एकदम चूप राहा."

"काहून?"

"राहा ना. माझ्यासाठी."

"अन् किती वेळ?"

मेघा दारापासून बाजूला झाली. आतला आवाज थांबला.

देवाजी जागे असताना असा शुकशुकाट त्या घराने कधी अनुभवला नव्हता. कोराडी रोडवरून जाणारे कोळशाचे ट्रक ऐकू यायला लागले. बोधीचं हसू गेलं. तिने दारावर थाप मारली आणि वाट बघितली. आतून काही नाही. तिने आजीकडे पाहिलं, दाराकडे बोट केलं. मीराबाई बोटाकडे बघत राहिल्या, उठल्या नाहीत. ओमप्रकाश अर्धे उठले, तर अंजनाबाईंनी त्यांचा सदरा ओढून खाली बसवलं. बोधीने आईकडे बोट केलं. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला होता आणि मेघाचा हात आपोआप कडीकडे निघाला होता. तो तिने दुसऱ्या हाताने धरून ठेवला. बाजूला बसून बघणाऱ्यांना ते सोपं वाटलं असेल, पण त्या क्षणी मेघाला त्याहून अवघड काही नव्हतं.

बोधी पुन्हा दाराकडे वळली. दोन्ही हात दारावर ठेवले.

"आबा," ती म्हणाली.

कुणी हललं नाही.

"आबा, बोल." आणि मग रागावून, मोठ्याने, अगदी घरातली सगळी माणसं वर्षभर तिच्यामागे लागून जसं म्हणत होती तसं, "आबा, बोल ना!"

अंजनाबाईंच्या हातातली मेथी खाली पडली. मेघा हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आतून मात्र चकार शब्द नाही.

"अहो, ऐकलं ना?" मीराबाई ओरडल्या. "बोला ना! पोरगी बोलाले सांगून राहिली!"

बऱ्याच वेळाने आतून घोगरा आवाज आला. "काय बोलू?"

ओमप्रकाश धावले. "खोलो, खोलो, गेट खोलो!"

"थांबा भाऊ!" मीराबाईंनी हात आडवा केला. "तिनं 'उघड' म्हणलं नाही. 'बोल' म्हणलं. जे मागतलं ते लगेच द्याचं, असं आहे. बोला हो तुमी."

मग देवाजी दारामागून बोलले. आवाज चांगलाच ओला होता. "बोधी... मी इथंच आहो बेटा. कूलरच्या मागं आहो. कुठी गेलो नाही."

बोधीने ऐकलं. चेहरा खुलला. जे हवं होतं ते तिला मिळालं होतं, त्यामुळे ती वळली आणि निळा चेंडू घेऊन अंगणात खेळायला निघून गेली. देवाजींना बाहेर काढायचं शेवटी मेघाच्या लक्षात आलं.

त्या संध्याकाळी बोधीने मांजराला "बोल" म्हटलं, बंद टीव्हीला "बोल" म्हटलं, ओमप्रकाशच्या मोटारसायकलला "बोल ना" म्हटलं, आणि "आबा" तर इतक्यांदा की देवाजींनी ओ देता देता जेवण थंड केलं. मेघाने फोन केला तेव्हा कामिनी मॅडम खूश झाल्या, पण लगेच म्हणाल्या, "एका दिवसात सगळं झालं असं समजू नका. ऐकून ऐकून बसलेलं वाक्य आहे ते. खरं काम आता सुरू होणार, आणि बरेच दिवस चालणार. उद्या सगळे या."

मेघा "हो" म्हणाली. तिने दिवसभर कान टवकारून ठेवले होते. बोधी सगळं म्हणाली, फक्त एकच शब्द म्हणाली नव्हती, आणि तिला विचारायचं नाही असं मेघाने ठरवलं होतं.

सोमवारी पुन्हा सगळे सक्करदऱ्याला गेले. दवाखान्याच्या दारात मीराबाईंनी पर्समधून एक लाल टॅग काढला आणि देवाजींच्या शर्टाच्या वरच्या गुंडीत अडकवला.

"आत तोंड उघडलं तं पाह्यजा," त्या म्हणाल्या. देवाजींनी मान हलवली. टॅगचा मान त्यांना कुणी शिकवायला नको होता.

कामिनी मॅडम सतरंजीवर बसल्या. बोधीला त्यांनी बाहुली दिली आणि वर बघून म्हणाल्या, "मग? काय काय झालं महिन्यात? सांगा."

देवाजींनी टॅगकडे बोट दाखवलं. मीराबाईंनी प्रशिककडे पाहिलं, प्रशिकने मेघाकडे. पोरीच्या वतीने काही बोलायचं नाही, हे सगळ्यांनी चांगलंच मनावर घेतलं होतं. मॅडमना तर वाट बघायची सवयच होती. खोलीत पंखा फिरत होता आणि सगळे एकमेकांसाठी थांबले होते.

बोधीने बाहुलीवरून नजर उचलली. ही काय भानगड आहे? ती उठून आजोबांकडे गेली आणि त्यांची विजार ओढली. देवाजींनी ओठ इतके घट्ट मिटले की त्यांचे गाल फुगले. आजी छताकडे बघत होती. बोधी मेघाजवळ आली, तिच्या मांडीत चढली, दोन्ही हातांनी तिची हनुवटी धरली आणि तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई," ती म्हणाली. "बोल ना."

मेघाने तोंड उघडलं, पण दिवसभर फोनवर न थकता बोलणाऱ्या त्या बाईला एक शब्द फुटेना. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग नुसती मान हलवत राहिली आणि बोधीला छातीशी धरून बसली.

देवाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली गुंडीकडे पाहिलं. मीराबाईंनी लावलेला टॅग त्यांनी हळूच काढला आणि खिशात घातला.

"मॅडम, तिले राहू द्या जरा," ते म्हणाले. "तिच्या तर्फे मी सांगतो."

आणि त्यांनी फ्रिजपासून सुरुवात केली. त्यांचा आवाज तलावापर्यंत जात असावा, पण या खेपेला त्यांना बाहेर बसायला कुणी सांगितलं नाही.